मयतीला भाडे नाही

वर्गणी मागायला माणूस एकटा येत नाही. पांढुर्ण्यात तरी तशी रीत नाही. पाच-सात जण येतात, त्यातला एक बोलतो, एकाच्या हातात पावतीपुस्तक असतं, आणि उरलेले दुकानातल्या मालाकडे अशा नजरेनं पाहतात की दुकानदाराला स्वतःच आपण श्रीमंत असल्याची शंका यावी. किराणावाला, औषधवाला, चपलावाला, कोणी यातून सुटत नाही. पण त्यांच्याकडे लोक निदान पैसे मागतात. गुणवंताकडे माल मागत, आणि माल नेणाऱ्याला आपण काही नेलं असं वाटतच नाही. वापस तर आणून देतो ना!

गुणवंताचं बिछायत केंद्र सौंसरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. सतरंज्या, खुर्च्या, बांबू, मांडवाचं कापड आणि स्वयंपाकाचे गंज. गंज म्हणजे घरच्या पातेल्याचे आजोबा; एकात सगळ्या वऱ्हाडाचं वरण शिजतं. हा पसारा त्याचे वडील नत्थूजी यांनी उभा केला. भांडं कुठंही गेलं तरी घर विसरू नये म्हणून प्रत्येक गंजाच्या काठावर त्यांनी ठोकून नाव घालून घेतलं होतं: नत्थूजी, पांढुर्णा. नत्थूजींना नाही म्हणता येत नसे. मालासोबत तेही मुलाकडे आलं.

त्यामुळे गणपती बसले की खुर्च्या जात, दुर्गा बसली की मांडव जाई, जामसांवलीच्या हनुमानाला पायी जाणाऱ्यांचा भंडारा असला की गंज जात. हल्ली क्रिकेटच्या टूर्नामेंटलाही पाहुण्यांसाठी सोफा लागतो, तोही जाई. माल परत येई, फक्त आलेला माल आणि गेलेला माल सारखाच आहे असं शपथेवर सांगता आलं नसतं. खुर्ची तीन पायांवर येई. सतरंजीवर रांगोळीचा मोर उमटलेला असे. मोबदल्यात लाऊडस्पीकरवरून त्याचं नाव पुकारलं जाई, बहुधा चुकीचं, आणि शेवटच्या दिवशी शाल-श्रीफळ मिळे. त्याची बायको प्रेमलता म्हणायची, "आपल्या घरी भाजीले पैसे नाही राहत, पण नारळाची चटणी रोज होऊ शकते." शाली तिनं स्पीकरच्या डब्यांवर पांघरल्या होत्या. डबे थंडीत सुखी होते.

एवढ्या सगळ्यात गुणवंतानं एकच गोष्ट कोणाला दिली नव्हती. नागपूरहून आणलेलं मांडवाचं कापड, गर्द मरून रंगाचं, सोनेरी झालरीचं. ते कोऱ्या पोत्यात बांधून घरातल्या पलंगाखाली ठेवलं होतं. गुणवंताला एकच मुलगी, प्रणाली. तिच्या लग्नात मांडव आपला, भांडी आपली, सतरंजी आपली, एवढी एकच हौस त्या माणसानं आयुष्यात धरली होती. जन्मभर दुसऱ्यांच्या लग्नाचे खांब रोवले. एक मांडव आपल्या दारात आपल्या हातानं घालायचा. फार मोठी हौस नव्हे. म्हणूनच तो ती सर्वांना सांगत असे.

सगळ्यांत जास्त दिलीपभाऊला. दिलीपभाऊचं खत-बियाण्याचं दुकान, पण गाव त्याला अध्यक्ष म्हणे. कशाचा, ते महिन्यावर ठरे. भाद्रपदात गणपतीचा, आश्विनात दुर्गेचा, थंडीत टूर्नामेंटचा, उन्हाळ्यात भागवत सप्ताहाचा. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून तर अध्यक्षपदांत भरच पडली. दरवर्षी दुर्गा उत्सवाच्या आधी तो दुकानात येई आणि त्या कापडाबद्दल विचारी.

"देवीच्या अंगावर चढू दे ना एकदा, गुणवंता. पोरीचंच कल्याण होईन."

"भाऊ, बाकी जे पाहिजे ते न्या. ते नाही. ते प्रणालीचं आहे."

"अजून पोट्टी कॉलेजात जाऊन राहिली, अन् तू आतापासून कापड जपून राहिला! उंदरं खातीन."

"खाऊ द्या. उंदरं पावती तं नाही मागत."

एका वैशाखात राजू आला. संत्र्याच्या बागांमधून पेट्या भरायच्या कामाला जाणारा माणूस. त्याचे वडील वारले होते, तेराव्या दिवसाची तेरवी आली होती. तो एकटाच आला, कारण तो मागायला आला नव्हता. भाड्याचे पैसे मुठीत धरून आला होता.

"थोडं कापड, सतरंज्या अन् दोन गंज पाहिजे होते भाऊ."

"सगळंच सप्ताहात गेलं ना, राजू."

"भाडं देतो ना. उधार नाही म्हणून राहिलो."

"भाड्याचं नाही रे बाप्पा. मालच नाही दुकानात."

हे खरं होतं. दुकानात नव्हता. पलंगाखाली होता, पण तो माल नव्हे, असं गुणवंताचं तेव्हा मत होतं.

तेरवीच्या दिवशी गुणवंता सप्ताहाच्या मांडवात तुटलेला खांब बदलायला निघाला, तर वाटेत राजूचं घर लागलं. रस्त्याच्या कडेला पंगत बसली होती. वर काही नव्हतं. म्हाताऱ्या बायांनी पदर डोक्यावरून पुढे ओढून त्याची सावली पत्रावळीवर पाडली होती, आणि एक म्हातारा एका हातानं छत्री धरून दुसऱ्या हातानं जेवत होता. वरण शेजारपाजारच्या घरांतून, लहान-मोठ्या पातेल्यांतून येत होतं. प्रत्येक वाढपाला वेगळी चव. पुढे सप्ताहात गुणवंताच्याच कापडाखाली, गुणवंताच्याच पंख्यांचं वारं रिकाम्या खुर्च्यांवरून फिरत होतं. दुपारची वेळ, भाविक घरी झोपायला गेले होते.

तो खांब न बदलताच घरी आला. ताट पुढे आलं तरी हात लावेना.

"काय झालं?" प्रेमलतानं विचारलं.

"ज्यानं पैसे आणले त्याले नाही म्हटलं," गुणवंता म्हणाला, "अन् ज्यायनं नाही आणले त्यायले सगळं देऊन बसलो."

प्रणाली तेव्हा बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही सगळ्यांले थोडं थोडं देता ना, म्हणून कोणाचंच पुरं होत नाही. एक काम ठरवा. त्याले पूर्ण द्या. बाकीच्यांले भाडं. अन् बोर्ड लावा दुकानावर, म्हणजे तुम्हाले बोलायचं काम नाही. बोलायची पाळी आली का तुम्ही हो म्हणता."

सल्ला उत्तम होता. पुढे जे झालं त्यात सल्ल्याचा दोष काढता येणार नाही.

गुणवंतानं ठरवलेलं काम म्हणजे मरण. त्याचं म्हणणं साधं होतं. मरणाला कार्यकारिणी नसते, पावतीपुस्तक नसतं, प्रमुख पाहुणा असला तरी तो भाषण करत नाही. बोर्ड लागला: "मयतीला व तेरवीला भाडे नाही. बाकी सर्वांना आहे. कृपया आग्रह करू नये."

भाद्रपदात दिलीपभाऊ मंडळींसह आला. बोर्ड वाचला. पुन्हा वाचला. मग त्यानं मंडळींकडे पाहिलं. मंडळी मालाकडे पाहत होती.

"म्हणजे आम्ही मेल्यावरच यायचं का तुह्याकडे?"

"हाव भाऊ. तेव्हा एक पैसा नाही लागणार."

मंडळींतला एक जण हसला आणि लगेच थांबला. त्या वर्षी गणपतीच्या खुर्च्यांचं भाडं मिळालं. नत्थूजींच्या काळापासून पहिल्यांदाच. प्रेमलतानं ते पैसे देवापुढे ठेवले, चटणी थांबली.

इकडे गावात गुणवंताचं नाव झालं. रात्री-बेरात्री कोणी गेलं की आधी डॉक्टरला, मग गुणवंताला फोन जाई. तिगावहून, सौंसरच्या बाजूच्या खेड्यांतून लोक येत. तो स्वतः टेम्पो घेऊन जाई, बांबू रोवी, सतरंजी अंथरी, आणि कोणाला काही न बोलता परत येई. लोक त्याला देवमाणूस म्हणू लागले. देवमाणसाला एक अडचण असते: लोक त्याच्या पाया पडतात, त्याच्या दुकानात येत नाहीत.

लग्नाच्या ऑर्डरी कमी झाल्या तेव्हा त्याला वाटलं, लॉन झाले म्हणून. ते खोटंही नव्हतं. नागपूर रोडला लग्नासाठी भाड्यानं मिळणारे नवे लॉन झालेच होते. "यंदा लॉन केलं भाऊ, त्यातच सगळं येते," लोक म्हणत. पण मग लॉन न करणारेही येईनात. खरं कारण प्रेमलताला हळदीकुंकवात कळलं. एका बाईनं वाण देता देता विचारलं, "काहो, तेरवीचे गंज अन् लग्नाचे गंज तुम्ही वेगळे ठेवता ना?"

आता यातली गंमत अशी की ते वेगळे कधीच नव्हते. नत्थूजींच्या काळापासून आज तेरवीला गेलेला गंज परवा लग्नाला जाई, हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि कोणाचं काही म्हणणं नव्हतं. कारण तेरवीवाले भाडं देत. भाडं दिलं की तो व्यवहार झाला; भांडं घासलं, संपलं. पण फुकट दिलं म्हणजे ते दान झालं, आणि मयतीच्या दानाला जी वस्तू लागली ती शुभकार्यात कोण घेणार? हे असं कोणी ठरवलं नव्हतं, कुठं लिहिलं नव्हतं, आणि कोणी बोलूनही दाखवत नव्हतं. तरी ते सगळ्यांना एकदमच समजलं होतं. गुणवंताला सोडून.

त्यानं उपाय केला. मालाचे दोन भाग केले. लग्नाच्या गंजांच्या कानाला लाल रंग, तेरवीच्या गंजांना पांढरा. सतरंज्यांना आणि मांडवाच्या कापडांनाही तसेच दोरे. याचा परिणाम उलटा झाला. आधी लोकांना नुसती शंका होती. आता रंगामुळे खात्री झाली. एक जण तर लाल रंगावर नख घासून म्हणाला, "खालून पांढरा तं नाही ना?"

"बोर्ड काढून टाका," प्रेमलता म्हणाली.

"काढला तं काय होईन? लोक म्हणतीन, धंदा बुडाला म्हणून काढला."

"मग काय म्हणून राहिले आता?"

"आता म्हणून राहिले, देवमाणूस आहे."

बोर्ड राहिला. एव्हाना तो काढायचा म्हटलं तरी ज्याच्या घरी मयत झाली त्याच्याकडे भाडं मागायला गुणवंताचं तोंड उघडलं नसतं. मुळात तोंड उघडत नव्हतं म्हणूनच तर बोर्ड लावला होता.

पुढच्या लगीनसराईआधी लाल कानाचे गंज त्यानं विकून टाकले. सौंसरच्या ऋषिकेशनं घेतले. हा तरुण पोरगा. त्याच्या पाटीवर बिछायत नव्हतं, 'टेंट अँड इव्हेंट' होतं, आणि त्याच्या खुर्च्यांना पाठीमागे गाठ मारलेली कापडं असत. गंज टेम्पोत चढवताना तो म्हणाला, "काकाजी, काठावरचं नाव घासून घेतो मी."

"घे बाबू," गुणवंता म्हणाला. बापाचं नाव घासायला दुसऱ्याला परवानगी देताना माणसानं आणखी काय म्हणायचं असतं, त्याला सुचलं नाही.

प्रणालीचं स्थळ सौंसरचंच आलं. मुलगा चेतन शाळेत शिक्षक, घरची संत्र्याची बाग, माणसं बोलायला गोड. मध्यस्थी प्रेमलताचा भाऊ प्रवीण करत होता. तो सौंसरलाच राहत असे. पोरगी पसंत, पोरगा पसंत, मागणी काही नाही. गुणवंतानं पलंगाखालचं पोतं बाहेर काढून उन्हात ठेवलं. उंदरांनी काही केलं नव्हतं.

त्याच आठवड्यात प्रवीण आला. चहा प्याला. पाऊस-पाण्याचं बोलला. दुसरा चहा मागितला, तेव्हाच बहिणीला समजलं.

"सांगून टाक एकदाचं," प्रेमलता म्हणाली.

"काही नाही ना वो ताई. त्यायची काहीच अपेक्षा नाही. फक्त..." तो गुणवंताकडे न पाहता म्हणाला, "भाऊजी, बिछायत तेवढी बाहेरची सांगा म्हणते."

गुणवंता उन्हातल्या पोत्याकडे पाहत होता. "कापड कोरं आहे माझं, प्रवीण. घडी नाही मोडली अजून."

"मले माहीत आहे ना."

"दुकानात सुद्धा नाही ठेवलं. घरात होतं."

"मी समजून राहिलो भाऊजी. चेतनही समजून राहिला. पण त्याच्या मायले कोण समजवन? ती म्हणते, कापड कोरं असन, हात तं तेच आहे ना बांबू रोवणारे."

आतून प्रणाली बाहेर आली. "मग नाही करत मी हे लग्न. सांगून द्या, मामाजी."

"आत जा," गुणवंता म्हणाला. आवाज न चढवता म्हणाला. त्यामुळे ती गेली.

बोर्ड तिनं सुचवला होता, हे त्या घरात कोणी बोललं नाही. बोलायची गरज नव्हती. ती आत जाऊन रडली ती सासूसाठी नव्हे.

"सांगतो बाहेरची," गुणवंता प्रवीणला म्हणाला. "ऋषिकेशलेच सांगतो. त्यायच्याच गावचा आहे, त्यायले बरं वाटन."

लग्न दारापुढच्या मैदानात झालं. मांडव ऋषिकेशचा, पांढरा-जांभळा. आदल्या दिवशी त्याची माणसं खांब रोवत होती आणि गुणवंता ओसरीवर बसून पाहत होता. एक खांब वाकडा जात होता. तो उठला, दोन पावलं गेला, आणि परत येऊन बसला.

लग्नाच्या दिवशी तो स्वयंपाकाच्या बाजूला गेला. भट्टीवर वरणाचा मोठा गंज रटरटत होता. त्याच्या कानाला लाल रंग होता, आणि काठावर, धुरानं थोडं काळवंडलेलं पण स्वच्छ वाचता येईल असं, नत्थूजी, पांढुर्णा. ऋषिकेश घासायला विसरला होता, किंवा लगीनसराईत त्याला वेळ झाला नव्हता.

मांडवातून चेतनची आई इकडेच येत होती. विहीणबाईंना स्वयंपाक दाखवायचा मान असतो. प्रेमलता सोबत होती, बोलून बोलून तिची वाट लांब करत होती. गुणवंतानं इकडेतिकडे पाहिलं. फडकं नव्हतं. त्यानं दोन्ही तळवे काठाला लावले आणि गंज फिरवला, नाव भिंतीकडे जाईपर्यंत.

"अहो काकाजी, येडे झाले का?" आचारी ओरडला. "गरम आहे ना ते!"

"वाकडा होता," गुणवंता म्हणाला.

विहीणबाई आल्या. गुणवंतानं हात पाठीमागे धरून नमस्कारापुरती मान लववली. आचाऱ्यानं त्यांना वाटीत वरण दिलं. त्यांनी चाखलं आणि म्हणाल्या, "छान झालं. भांडी चांगली असली का चव येतेच."

"हो ना," प्रेमलता म्हणाली.

आचाऱ्यानं नंतर गुणवंताच्या तळव्यांवर टूथपेस्ट फासली. तशाच हातांनी तो कन्यादानाला बसला. गुरुजींनी पाणी सोडायला सांगितलं तेव्हा त्यांनी त्या पांढऱ्या तळव्यांकडे एकदा पाहिलं, पण पुढचे विधी व्हायचे होते. प्रणालीनंही पाहिलं. ती विचारेपर्यंत गुरुजींचे मंत्र सुरू झाले होते. ऋषिकेशचं बिल गुणवंतानं दुसऱ्याच दिवशी पूर्ण चुकवलं. तो सूट देत होता, यानं घेतली नाही. लग्नाला सूट नसते, हे त्याच्याच बोर्डावर होतं.

मरून कापडाचं पोतं पुन्हा पलंगाखाली गेलं. आता ते कशासाठी ठेवलंय हे कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, म्हणून दिलीपभाऊ विचारायला येईल याची गुणवंताला थोडी धास्ती वाटत होती.

दिलीपभाऊ आला नाही. दुर्गा उत्सवाच्या तयारीत, वर्गणीच्या पावत्या वाटता वाटता त्याला अटॅक आला आणि नागपूरच्या वाटेवरच तो गेला. दुकानात मंडळी आली, पाच-सात जण, नेहमीचीच. बोलणारा मात्र नव्हता, त्यामुळे सगळे उभेच राहिले. शेवटी त्यांतल्या एकानं बोर्डाकडे बोट दाखवलं.

"बसा," गुणवंता म्हणाला. "कोणत्या दिवशी आहे?"

तेरवीला गावातला निम्मा बाजार येणार होता. त्याच दिवशी आणखी एक तेरवी तिगावला होती आणि पांढऱ्या दोऱ्याचं कापड तिकडे आधीच कबूल झालं होतं, लाल दोऱ्याचं दुर्गेच्या मांडवावर चढलं होतं. गुणवंता घरी गेला. पलंगाखालून पोतं ओढलं. प्रेमलता दारात उभी होती. तिनं एका टोकाला हात लावला.

दिलीपभाऊच्या दारात मांडव पडला तेव्हा लोक मान वर करून पाहतच राहिले. आश्विनाचं ऊन त्या मरून कापडातून गाळून खाली पंगतीवर येत होतं, झालर वाऱ्यावर हलत होती, आणि वरण-भात, वडे, कढी सगळ्यांवर लालसर उजेड पडला होता. लग्नासारखं दिसत होतं. मंडळींतला एक जण पत्रावळीवरून गुणवंताला म्हणाला, "एवढं भारी कापड होतं तुह्याकडे? अन् अध्यक्ष मागून मागून मेला, तरी तू नाही दिलं!"

"दिलं ना," गुणवंता म्हणाला आणि भात वाढायला पुढे गेला.

लाऊडस्पीकर नव्हता, त्यामुळे नाव कोणी पुकारलं नाही. संध्याकाळी त्यानं स्वतःच दोर सोडले. कापडाला एका जागी कढी लागली होती. घरी आणल्यावर प्रेमलतानं तो डाग पाण्यानं पुसायला घेतला.

"पलंगाखाली ठेवू?"

"दुकानात ने," गुणवंता म्हणाला. "पांढऱ्या दोऱ्याच्या बाजूले."